तेरा कोटी वृत्ते आणि कवीचा कान

मनाच्या श्लोकांना एक अनुक्रमांक आहे, आणि तो समर्थांनी दिलेला नाही. बारा अक्षरांच्या चरणात लघु आणि गुरू जितक्या प्रकारांनी मांडता येतात तितके सगळे प्रकार ठरावीक क्रमाने लिहीत गेले, तर ४,०९६ ओळी होतात. त्यांतली ५८६वी ओळ म्हणजे भुजंगप्रयात, मनाच्या श्लोकांचे वृत्त. अकरा अक्षरांच्या यादीत इंद्रवज्रा ३५७व्या जागी आहे आणि उपेंद्रवज्रा तिला खेटून ३५८व्या. दोघींत फरक फक्त पहिल्या अक्षराचा, एकीचे गुरू आणि दुसरीचे लघु. म्हणूनच दोघींची सरमिसळ करून होणारी उपजाती कानाला कधी खटकत नाही. सतरा अक्षरांच्या १,३१,०७२ ओळींत मेघदूताच्या मंदाक्रांतेचा नंबर १८,९२९वा लागतो.

हे आकडे कोणा संगणकवाल्याने काल काढलेले नाहीत. ते काढण्याची रीत पिंगलाच्या छंदःसूत्रांत आहे, आणि पिंगल इसवी सनाच्या आधीचा मानला जातो. एका अक्षराच्या चरणापासून सव्वीस अक्षरांच्या चरणापर्यंत, म्हणजे उक्तेपासून उत्कृतीपर्यंत, नुसत्या समवृत्तांची, म्हणजे चारही चरण सारखे असलेल्या वृत्तांची, बेरीज १३,४२,१७,७२६ होते. इतकी घरे बांधून ठेवलेली, आणि कवी राहिले त्यांतल्या वीस-पंचवीस घरांत. पंडितांनी आणखी काहीशे घरांवर नावांच्या पाट्या लावल्या, इतकेच. संस्कृत वृत्तांचा आढावा घ्यायचा तर खरा प्रश्न हा आहे: बाकीची ओस का पडली? माझ्या मते छंदःशास्त्राने मोजणी अचूक केली, आणि कवींनी निवड केली ती कानाने. या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे वृत्त शिकणे आपल्याकडे गण पाठ करण्यापुरते उरले.

सुरुवात वेदांपासून करावी लागते. छंद हे सहा वेदांगांपैकी एक, आणि परंपरेने त्याला वेदपुरुषाचे पाय म्हटले आहे. वैदिक छंदांची मुख्य शिडी चार-चार अक्षरांनी चढते: गायत्री २४, उष्णिह २८, अनुष्टुभ ३२, बृहती ३६, पंक्ती ४०, त्रिष्टुभ ४४, जगती ४८. मोजणी अक्षरांची, लघु-गुरूचा काटेकोर आराखडा नाही. पण म्हणून लय नाही असेही नाही. ऋग्वेदात सर्वांत जास्त वापरलेला त्रिष्टुभ घ्या. अकरा अक्षरांच्या चरणात चौथ्या किंवा पाचव्या अक्षरापाशी थांबा असतो, सुरुवात बरीच मोकळी असते आणि शेवटची चार अक्षरे मात्र बहुधा एकाच वळणाने उतरतात. गायत्रीच्या आठ अक्षरी चरणातही असेच: पहिली चार सैल, शेवटची चार बांधलेली. वैदिक कवीने लगाम धरला तो चरणाच्या शेवटी. पुढच्या काळात हे बंधन शेवटाकडून मागे सरकत पहिल्या अक्षरापर्यंत आले. त्रिष्टुभाची इंद्रवज्रा झाली, जगतीचा वंशस्थ झाला.

या शिडीतही पळवाटा होत्या आणि त्यांना नावेही होती. एक अक्षर कमी पडले तर निचृत, एक वाढले तर भुरिज. दोन कमी पडले तर विराज, दोन वाढले तर स्वराज. आपण रोज ऐकतो त्या गायत्री मंत्राची अक्षरे मोजून पाहावीत. तेवीस भरतात. 'वरेण्यम्' हा शब्द 'वरेणियम्' असा सोडवून म्हटला की चोविसावे अक्षर सापडते. ऋग्वेदात असे जोडाक्षर सोडवण्याचे, संधी उकलण्याचे प्रसंग इतके आहेत की छापील संहिता आणि मूळ उच्चार यांत अंतर पडले आहे, हे छंदामुळेच कळते. एडवर्ड अर्नोल्डने १९०५ साली वैदिक छंदांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात छंदाच्या घडणीवरून सूक्तांचा जुनेनवेपणा ठरवण्याचाही प्रयत्न केला. त्याचे सगळे निष्कर्ष आज टिकलेले नाहीत. छंद हा भाषेच्या इतिहासाचा साक्षीदार आहे, ही त्यामागची दृष्टी मात्र टिकली.

अनुष्टुभाची गोष्ट वेगळीच. वैदिक छंदांतला हा एकटाच असा, की अभिजात काळात तो मोकळेपणा सांभाळून जगला. वाल्मीकींच्या क्रौंचवधाच्या कथेत शोकातून जन्मलेला श्लोक तो हाच. बत्तीस अक्षरे, आठ-आठांचे चार चरण. नियम जेमतेम तीन: पाचवे अक्षर लघु, सहावे गुरू, आणि सातवे पहिल्या-तिसऱ्या चरणांत गुरू, दुसऱ्या-चौथ्यांत लघु. त्यातही विपुला नावाने सवलती आहेत. बाकी अक्षरे बऱ्याच अंशी कवीच्या मर्जीवर. म्हणून रामायण-महाभारत, पुराणे, स्मृती आणि वैद्यकाचे ग्रंथ हा सगळा प्रपंच याच छंदावर चालला. आडवळणी नाव, पारिभाषिक शब्द, आकडा, काहीही त्यात बसते. आणि त्या सातव्या अक्षरातली गंमत अशी, की पहिला चरण ऐकताना कानाला अजून काहीतरी यायचे आहे असे वाटते आणि दुसरा चरण संपला की वाक्य मिटल्यासारखे वाटते. एका अक्षराच्या फरकावर प्रश्न आणि उत्तर उभे केले आहे. छंदांतली मला सर्वांत हुशार वाटणारी करामत हीच.

गीतेच्या सातशे श्लोकांत बहुतेक सगळे अनुष्टुभ आहेत. पण अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूप दिसू लागते तिथे, पंधराव्या श्लोकापासून पन्नासाव्यापर्यंत, छंद बदलून त्रिष्टुभाच्या घाटाचा होतो. चरण आठाऐवजी अकरा अक्षरांचा होताच म्हणणाऱ्याचा श्वास लांबतो. ज्याला संस्कृत कळत नाही त्यालाही पाठ ऐकताना इथे काहीतरी घडले हे जाणवते. महाकाव्याच्या सर्गाच्या शेवटी वृत्त बदलावे असे दंडीने काव्यादर्शात नोंदवले आहे. ही पुढची, शिष्टसंमत झालेली रीत. गीतेतला बदल मात्र प्रसंगातून आलेला आहे.

आता गणांकडे. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. स्वर दीर्घ असला, त्यावर अनुस्वार असला, पुढे विसर्ग असला किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात आला, तर अक्षर गुरू. चरणाचे शेवटचे अक्षर लघु असले तरी गरजेप्रमाणे गुरू धरता येते. तीन-तीन अक्षरांचे आठ गट पडतात, तेच य, म, त, र, ज, भ, न, स हे गण. 'यमाताराजभानसलगा' या दहा अक्षरांच्या किल्लीतली कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घेतली की पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो. य-मा-ता म्हणजे ल गा गा. एवढ्याशा सूत्रात आठही गण कोंबणाऱ्याला दाद दिली पाहिजे, आणि शाळेत ती किल्ली घोकलेली माणसे म्हातारपणीही ती विसरत नाहीत.

पण गण ही वृत्ताची लय नव्हे. ती पत्ता सांगण्याची सोय आहे. मंदाक्रांतेचे गण सांगतात: म, भ, न, त, त आणि दोन गुरू. वृत्त मात्र असे चालतच नाही. ते चार, सहा आणि सात अक्षरांवर थांबत चालते. आधी चार जड पावले, गा गा गा गा. मग पाच हलकी अक्षरे धावतात आणि सहाव्यावर विसावतात, ल ल ल ल ल गा. शेवटी झोका घेणारी सात, गा ल गा गा ल गा गा. यातला भगण पाहा: त्याचे पहिले अक्षर पहिल्या तुकड्यातले आणि उरलेली दोन दुसऱ्या तुकड्यातली. म्हणजे जिथे कवी थांबतो नेमका तिथेच गण फाटतो. मालिनीचे हेच. न न म य य असे गण, पण थांबा आठव्या अक्षरावर, मगणाच्या पोटात. स्रग्धरा सात-सातांवर थांबते आणि पृथ्वी आठांवर. दोन्हींत गण आडवे जातात. शिखरिणी आणि शार्दूलविक्रीडितात यती, म्हणजे हा थांबा, आणि गणाची सीमा एकत्र येते, तो योगायोग. गण पाडून वृत्त ओळखता येते, म्हणता येत नाही. विद्यार्थ्याला नुसते गण देणे म्हणजे गाण्याऐवजी त्याचा सातबारा हातात देणे.

शास्त्रकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. म्हणून तर लक्षणश्लोक त्याच वृत्तात रचण्याची प्रथा पडली. केदारभट्टाचा वृत्तरत्नाकर हा सहा अध्यायांचा आटोपशीर ग्रंथ इतका चालला तो यामुळेच: व्याख्या म्हटली की उदाहरणही म्हणून होते. यतीचे आकडे शब्दांत लपवलेले असतात: वेद म्हणजे चार, रस सहा, मुनी किंवा अश्व सात, वसू आठ, ग्रह नऊ, रुद्र अकरा, सूर्य बारा. आणि वृत्ताचे नाव त्या वृत्तात बसलेच पाहिजे. 'मंदाक्रांता' हा शब्द म्हणजे चार गुरू, वृत्ताची पहिली चार पावले. 'भुजंगप्रयातं' म्हटले की दोन यगण उच्चारून होतात. 'शार्दूलविक्रीडितम्' हा शब्द त्या वृत्ताच्या शेवटच्या सात अक्षरांवर चपखल बसतो. नावे ठेवणारा माणूस कानाने नावे ठेवत होता, हे यावरून उघड आहे.

पिंगलाची मोजणी मात्र स्वतंत्र कौतुकाचा विषय आहे, आणि तिथे थोडे रेंगाळायला हवे. प्रस्तार म्हणजे सगळ्या शक्यतांची क्रमवार यादी: पहिल्या ओळीत सगळे गुरू, शेवटच्या ओळीत सगळे लघु. यादी न लिहिता मधली एखादी ओळ सांगणे याला नष्ट म्हणतात. समजा चार अक्षरांच्या यादीतली सहावी ओळ हवी. सहा सम आहे, म्हणून लघु लिहा आणि निम्मे करा: तीन. तीन विषम, म्हणून गुरू लिहा, एक मिळवून निम्मे करा: दोन. दोन सम, लघु, निम्मे एक. एक विषम, गुरू. ओळ मिळाली: ल गा ल गा. उलट, ओळ दिली असता तिचा क्रमांक सांगणे हे उद्दिष्ट. वर मनाच्या श्लोकांचा ५८६ हा आकडा आला तो असाच: लघु असलेल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या जागांचे १, ८, ६४ आणि ५१२ मिळवायचे आणि वर एक. आजच्या संगणकातली दोनांच्या पायाची संख्यालेखनपद्धती ज्याला ठाऊक आहे त्याला इथे ओळखीचे काही दिसेल. ती हीच असे म्हणायचा उत्साह मात्र आवरावा. पिंगलाला संख्या लिहायच्या नव्हत्या, वृत्ते शोधायची होती.

एकूण ओळी किती हे काढायची त्याची रीत तर याहून देखणी. सहा अक्षरे असतील तर दोनला दोनने सहा वेळा गुणत बसायचे नाही. सहाचे निम्मे तीन. तीन विषम, एक वजा करून दोन, आणि तिथे शून्याची खूण ठेवायची. दोनाचे निम्मे एक. एकातून एक वजा, पुन्हा शून्याची खूण. मग उलटे यायचे: शून्याच्या खुणेला दुप्पट, निम्मे केले तिथे वर्ग. दोन, चार, आठ, चौसष्ट. पायऱ्या चारच. अक्षरे शंभर असली तरी पायऱ्या नऊच होतात. हलायुधाने दहाव्या शतकात या सूत्रांवर मृतसंजीवनी नावाची टीका लिहिली. तीत मेरुप्रस्तार येतो: किती गुरू असलेल्या ओळी किती, हे सांगणारा आकड्यांचा डोंगर. पास्कलच्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला त्रिकोण तो हाच. आमच्या सह्याद्रीतल्या भास्कराचार्यांनीही ११५०च्या लीलावतीत अनुष्टुभाची सम, अर्धसम आणि विषम वृत्ते मोजायला लावली आहेत. उत्तरे अनुक्रमे २५६, ६५,२८० आणि ४,२९,४९,०१,७६०. शेवटचा आकडा वाचून एखाद्या कवीला वृत्त सुचले असेल असे वाटत नाही.

अक्षरांऐवजी मात्रा मोजल्या की गणित बदलते. चरणात ठरावीक मात्रा भरायच्या; शेवटी लघु आला तर एक मात्रा गेली, गुरू आला तर दोन गेल्या. म्हणून प्रत्येक संख्येचे प्रकार म्हणजे आधीच्या दोन संख्यांच्या प्रकारांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१. चार मात्रांचे पाच प्रकार, सोळा मात्रांचे १,५९७. विरहांकाने प्राकृतातल्या वृत्तजातिसमुच्चयात ही मांडणी केली आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने ती पुन्हा नेमकेपणाने सांगितली. युरोपात फिबोनाचीचे पुस्तक आले १२०२ साली. या अनुक्रमावर आता व्याख्याने होतात, पण ती ऐकताना एक गोष्ट हरवते: हा प्रश्न मुळात संस्कृतापेक्षा प्राकृताच्या कवितेला पडलेला होता.

आणि तिथे आपला थेट संबंध येतो. मात्रांवर चालणारी आर्या हे संस्कृतातले वृत्त खरे, पण तिचे माहेर प्राकृत. प्राकृतात तिला गाथा म्हणतात, आणि हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली आहे, प्रतिष्ठानच्या म्हणजे पैठणच्या राजवंशाशी जोडलेली. बारा, अठरा, बारा, पंधरा अशा मात्रा. चार-चार मात्रांचे गट, त्यांचे तेच पाच प्रकार, आणि ल गा ल या घाटाचा गट कुठे चालेल, कुठे चालणार नाही याचे नियम. पहिला अर्ध तीस मात्रांचा, दुसरा सत्तावीस. त्या तीन मात्रांच्या तुटीमुळे शेवट झटकन मिटतो, आणि चटकदार बोलायला हे फार सोयीचे. शास्त्रकारांनाही ही आटोपशीर मूठ आवडली. ४९९ सालचे आर्यभटाचे गणित आर्येत आहे, ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका आर्येत आहेत. अठराव्या शतकात मोरोपंतांनी महाभारत आर्येत उतरवले, तेव्हा ती एका अर्थी माहेरीच परत आली होती. पंतांनी केकावलीसाठी मात्र पृथ्वी निवडली. आठ आणि नऊ अक्षरांवर तुटणारी, धाप लागल्यासारखी चालणारी ही सतरा अक्षरी चाल. देवाशी हुज्जत घालायला तिच्याहून योग्य वृत्त मला दिसत नाही.

वृत्ताचा आणि भावाचा संबंध हा या विषयातला सर्वांत जुना वाद. अकराव्या शतकातल्या काश्मिरी क्षेमेंद्राने सुवृत्ततिलकात त्यावर सरळ निकाल दिले. पाऊस, प्रवास आणि विरह यांना मंदाक्रांता, राजनीतीला वंशस्थ, राजांच्या शौर्याला शार्दूलविक्रीडित, शास्त्राला अनुष्टुभ. शिवाय कवी आणि वृत्त यांच्या जोड्या लावल्या: मंदाक्रांता कालिदासाची, शिखरिणी भवभूतीची, वंशस्थ भारवीचा, शार्दूलविक्रीडित राजशेखराचे. कालिदासाच्या हाती मंदाक्रांता कशी, तर कसलेल्या शिक्षकाच्या हाती कांबोज देशाची घोडी जशी, असे तो म्हणतो. मराठीतही वामन, तुकाराम, ज्ञानदेव आणि मोरोपंत यांना एकेक छंद वाटून देणारी एक आर्या जुन्या पिढीला पाठ असायची. ही क्षेमेंद्राचीच परंपरा.

क्षेमेंद्राचे हे निकाल वाचायला गोड आहेत, पण नियम म्हणून ते टिकत नाहीत. शार्दूलविक्रीडित शौर्याचे म्हणावे तर अमरुशतकातली रुसव्या-फुगव्यांची शृंगारिक मुक्तके बहुतांशी त्याच वृत्तात आहेत, आणि आपल्या लग्नांत अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना शांतपणे उभे असलेल्या वधूवरांवर अक्षता पडतात त्या मंगलाष्टकांचेही वृत्त तेच. शिखरिणीत भवभूतीचा आक्रोश आहे, तसे शिवमहिम्न, सौंदर्यलहरी आणि जगन्नाथ पंडिताची गंगालहरीही आहे. एका मोठ्या कवितेने वृत्ताला रंग दिला की पुढे शेकडो वर्षे तो रंग त्याला चिकटून राहतो. वृत्ताच्या अंगचा तो गुण नव्हे. मेघदूत लिहिले गेले नसते तर मंदाक्रांतेला विरहाचे वृत्त कोणी म्हटले असते की नाही, शंका आहे. याला अपवाद मला एकच दिसतो, तो वियोगिनीचा. कुमारसंभवात रती रडते आणि रघुवंशात अज रडतो, दोन्ही विलाप याच अर्धसम वृत्तात आहेत. विषम चरण दहा अक्षरांचे, सम अकरांचे. हुंदका आवरून वाक्य पुरे करावे तसा तिचा चढ-उतार आहे. इथे कालिदासाने वृत्ताला भाव दिला की वृत्तातून घेतला, हे मी ठरवू शकत नाही.

मग वीस-पंचवीसच का जगली? वाचलेल्या वृत्तांकडे पाहिले तर एक साम्य दिसते. ती एकतर जुन्या वैदिक चरणाची मुले आहेत, इंद्रवज्रा, वंशस्थ यांसारखी. किंवा त्यांत लघूंचा आणि गुरूंचा ठळक, कानाने पकडता येणारा विरोध आहे, मंदाक्रांता, मालिनी, शिखरिणी, स्रग्धरा यांसारखा. किंवा एकाच गणाची आवृत्ती आहे, भुजंगप्रयातासारखी. या तीनही वाटांनी न जाणारी वृत्ते पंडितांनी नावे ठेवूनही मेली. प्रस्तारातल्या बहुतेक ओळी अशाच, मध्येच लघु, मध्येच गुरू, लक्षात न राहणाऱ्या.

मराठीत या वृत्तांचे काय झाले, ते थोडक्यात सांगणे कठीण आहे. मराठीचा स्वभावच वेगळा. आपण 'राम' लिहितो आणि उच्चारतो एकच अक्षर, शेवटचा अकार गिळून. वृत्तात मात्र 'म' पूर्ण उच्चारावा लागतो. 'तुझ्या'मधले जोडाक्षर 'तु'वर आघात देत नाही. म्हणून मराठीत गणवृत्त बोलल्यासारखे म्हणता येत नाही, ते चालीवर म्हणावे लागते. पंडित कवींनी ऱ्हस्वदीर्घ वाकवून घेतले आणि कीर्तनकारांच्या चालींनी ते निभावून नेले. एकोणिसाव्या शतकात परशुरामपंत तात्या गोडबोल्यांच्या वृत्तदर्पणाने हे ज्ञान शाळेत आणले. पुढे सुनीतांचे नेहमीचे वृत्त म्हणून शार्दूलविक्रीडित रूढ झाले. विनोबांनी १९३०-३१मध्ये रचलेल्या गीताईत अनुष्टुभाची आठ अक्षरे ठेवली, पण भाषा घरातली ठेवली, आणि संस्कृत छंद मराठीत सहज बोलता येतो हे दाखवले. गीतेच्या समश्लोकी भाषांतराच्या इतर प्रयत्नांत असे सहसा साधलेले नाही.

माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांची छंदोरचना हा या विषयावरचा मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ. छंद, जाती आणि वृत्त अशी त्यांची त्रिविध मांडणी आजही अभ्यासाचा पाया आहे. त्यांचे मोठेपण माझ्या दृष्टीने यात, की गण पाडून ते थांबले नाहीत, आवर्तनाचा विचार करू लागले. फार्सीचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांना आणखी एक गोष्ट दिसत होती: फऊलुन चार वेळा घेऊन होणारे फार्सी वृत्त आणि आपला भुजंगप्रयात लघु-गुरूंच्या मांडणीत एकच आहेत. १९३३च्या गज्जलांजलीत त्यांनी गझल मराठीत रुजवायला घेतली, तेव्हा कान आधीच तयार होता. मनाच्या श्लोकांनी तो तीनशे वर्षे तयार केला होता. त्याच दशकात कवी अनिलांचा मुक्तछंद आला आणि गणवृत्ते हळूहळू पाठ्यपुस्तकांच्या परिशिष्टांत गेली. गझलेने मात्र लघु-गुरू सोडले नाहीत.

दुसरे नाव हरि दामोदर वेलणकरांचे, आणि ते कवितेच्या वाचकांना फारसे माहीत नसते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने छंदांचे दुर्मीळ ग्रंथ हस्तलिखितांतून बाहेर काढून छापले. १९४९च्या जयदामन् या ग्रंथात जयदेव, जयकीर्ती, केदार आणि हेमचंद्र या चौघांचे ग्रंथ एकत्र आहेत, आणि शेवटी संस्कृत वृत्तांची वर्गवार यादी. विरहांकाचा वृत्तजातिसमुच्चय आणि स्वयंभूचा स्वयंभूच्छंद हेही त्यांनीच संपादले. फिबोनाचीच्या आधी विरहांक, असे आज जगभर सांगितले जाते ते वेलणकरांच्या छापील प्रतीवरून.

आता श्लोक टाकला की वृत्ताचे नाव सांगणारी संगणकीय साधने आली आहेत, त्यामुळे गण पाडण्याची मेहनत वाचली. वाचलेला वेळ चालीवर घालवावा. वृत्ते शिकू इच्छिणाऱ्याने गणांचा तक्ता काही महिने बाजूला ठेवावा आणि अनुष्टुभ, भुजंगप्रयात, उपजाती, मालिनी, शिखरिणी, मंदाक्रांता, शार्दूलविक्रीडित आणि आर्या यांतला एकेक श्लोक, जाणत्या माणसाकडून ऐकून, यतीवर थांबत, मोठ्याने पाठ करावा. वृत्तरत्नाकर त्यानंतर उघडला तर दोन दुपारीत वाचून होतो.